लाल कार्ड, हिरवं कार्ड

मुलुंड (पूर्व),
३ सप्टेंबर २०२५

माणिकआत्या, वाकून नमस्कार.

तुझ्या कानातलं यंत्र अजून शिट्ट्या मारतं असं बाबा म्हणाले, म्हणून फोन न करता लिहितो आहे. शिवाय मोठं काही ठरवायचं झालं की तुला लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. मी बारावी अर्धवट सोडली तेव्हा सगळे ओरडले. तू एकटीच म्हणालीस, “शाळा सुटली तर सुटू दे, शुद्धलेखन सुटता कामा नये.” त्या एका गोष्टीवर आज फलकांच्या दुकानात माझी नोकरी टिकून आहे. यंदा गणपतीत मुलुंडभर लागलेल्या फलकांपैकी ज्यांवर ‘हार्दिक’ बरोबर लिहिलेलं दिसेल, ते माझे.

तर प्रश्न कार्डाचा आहे. इंग्रजी शब्द एकदाच वापरतो: ग्राफिक कार्ड. पुढे चित्रकार्ड म्हणेन. (‘कार्ड’ला तुझी हरकत नसावी, कारण काकांच्या आणि तुझ्या पत्रिकांच्या दुकानाच्या पाटीवर ‘माणिक कार्ड्स’ असंच होतं.) हे कार्ड संगणकात बसवतात, मग हलती चित्रं न अडखळता दिसतात. मला ते कामासाठी हवं आहे. म्हणजे कामासाठीही.

अशी कार्डं बनवणाऱ्या दोन कंपन्या आहेत. दुकानात त्यांचं नाव कुणी घेत नाही, लाल आणि हिरवी म्हणतात. लाल कार्डात सोळा मावतं, हिरव्यात आठच. लालला तीन पंखे, हिरव्याला दोन. लाल लवकर तापतं असं ऐकतो. हिरवं शांत आहे आणि मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरून काढतं. लाल तीस सेंटिमीटर चार मिलिमीटर लांब आहे आणि माझ्या डब्यात जागा एकोणतीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. दोनदा पट्टीनं मोजली, एकदा शिंप्याच्या टेपनं. हिरवं डब्यात आरामात बसतं.

घाटकोपरचा दुकानदार धवल म्हणतो, “हिरवं घे रे, डोळे मिटून घे. लालवाले नंतर रडत येतात.” ॲनेट म्हणते, “आठात काय होतंय? दोन वर्षांत वाट लागेल. सोळा घे ना यार.” ॲनेट ही अंधेरीची माझी मैत्रीण. तिला यातलं पुष्कळ कळतं. ती तीस तारखेला नोकरीसाठी ऑकलंडला जाते आहे. हे सगळं त्याच्या आत व्हायलाच हवं, नाहीतर उपयोग नाही. आणि एकदा घेतलं की परत करता येत नाही.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तू सांगशील ते करीन.

तुझा,
देवव्रत


विलेपार्ले (पूर्व),
८ सप्टेंबर २०२५

चि. देवव्रतला आत्याचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लाल पेन हातात घेऊन. ‘ग्राफिक’भोवती गोल केला आहे, बाकी एकही चूक नाही. दुसऱ्यांदा वाचलं ते खुर्चीत बसून, पाणी पिऊन.

एवढी मोठी गोष्ट आणि बापाला सांगितली नाहीस! शरच्चंद्र माझा धाकटा भाऊ, त्याचा राग मला ठाऊक आहे. पण तू आधी मला लिहिलंस याचा मान मी राखीन. तीस वर्षं लोकांना कार्डं निवडून दिली आहेत. नवरा-बायको हसत दुकानात यायचे आणि रंगावरून भांडून जायचे. तेव्हा या विषयात मी सांगते ते ऐक.

आठ अजिबात पुरणार नाहीत. आपल्याकडचेच अकरा होतात, मी बोटांवर मोजले. सोळा घे. तापण्याचं म्हणशील तर नवीन कार्ड गरमच असतं. दोन तास पंख्याखाली ठेवलं की ठीक. डब्यात मावत नसेल तर डबा बदल, डब्यासाठी कुणी कार्ड बदलतं का? आणि स्वतःच्या मनानं भरून काढणारं मला मुळीच नको. अशानं काय भलतंसलतं भरलं जाईल सांगता येत नाही. तीन पंखे कशाला ते कळलं नाही. आमच्या वेळी दोन हत्ती असत. पण तुमची आवड.

लाल की हिरवं म्हणशील, तर रंगावरून भेद मी कधीच मानला नाही. दोन्हीकडे चांगली माणसं असतात.

आता मुद्द्याचं. तिच्या आईला माहीत आहे का? आणि ती तिकडे, तू इकडे, हे जमणार कसं?

वाट बघते.
माणिकआत्या


मुलुंड (पूर्व),
११ सप्टेंबर २०२५

आत्या, वाकून नमस्कार.

तुझं पत्र धवलच्या दुकानात उभ्यानं वाचलं. तुला यातलं इतकं कळत असेल असं वाटलं नव्हतं. आठ पुरणार नाहीत हे ॲनेटचंच म्हणणं. अकरा हा आकडा तू बोटांवर कसा काढलास कळेना, पण एका परीक्षणात अगदी अकराच दिला आहे! नवीन कार्ड गरम होतं, ते पंख्याखाली ठेवावं, हे धवललाही पटलं. आणि ‘रंगावरून भेद मी कधीच मानला नाही’ हे वाक्य त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. तिथे लाल-हिरव्यावरून पोरं एकमेकांशी बोलायची बंद होतात. फक्त हत्तींचं कुणाला कळलं नाही.

तू इतक्या मोठ्या मनानं घेतलंस म्हणून खरं सांगतो. काम हे निमित्त. खरं कारण खेळ. अंधेरीला एक खेळघर आहे, तिथे ॲनेट आणि मी तीन वर्षं दर शनिवारी जातो. आम्ही एका संघात असतो. ॲनेट पुढे घुसते, मी मागे राहून लक्ष ठेवतो आणि तिला लागलं की औषध देतो. ॲनेट कधी मागे वळून बघत नाही, मी आहे हे ती धरूनच चालते. ती गेली की हे बंद. तिचा संगणक ती बरोबर नेते आहे. माझ्याकडे संगणक आहे, कार्ड नाही. कार्ड बसलं तर ती तिकडे आणि मी इकडे, तरी रोज एक तास एकत्र. दुपारी दोनला मी जेवायला घरी येतो, तेव्हा ॲनेटकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतील.

तिच्या आईला, म्हणजे ल्युसीकाकूंना, सगळं माहीत आहे. त्या एवढंच म्हणतात, “काय करायचं ते करा, पण आवाज कमी करा.” त्यांचं घर आंबोली गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत. निळं आहे, दारात जास्वंद. ती ॲनेटच्या वडिलांनी लावलेली.

बाबांना मात्र एवढ्यात सांगू नकोस. याच नादापायी माझी बारावी गेली असं ते अजून धरून आहेत. (तेव्हा ॲनेट नव्हती, दुसरेच होते.)

मी वहीत दोन रकाने करून गुण दिले. लालला एकोणीस, हिरव्याला एकोणीस. ॲनेट म्हणते, मी मुद्दाम बरोबरी होईल असे गुण देतो. ॲनेटला वाटतं मला ठरवायचंच नाही. तसं नाही गं. चुकीचं घेतलं आणि मध्येच अडखळलं, तर ॲनेट एकटीच पुढे निघून गेलेली असेल आणि मला कळणारही नाही.

तुझा,
देवव्रत


विलेपार्ले (पूर्व),
१६ सप्टेंबर २०२५

चि. देवव्रतला आत्याचे भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले. (चूक एकही नाही.) संसाराला खेळ म्हणालास. ती पुढे, तू मागे औषध घेऊन. अरे, तुझ्या काकांचं आणि माझं तीस वर्षं दुसरं काय चाललं होतं? गिऱ्हाइकाशी भांडायला मी पुढे, आणि डोकेदुखीची गोळी नि पाण्याचा पेला घेऊन ते मागे.

कंसातलं ‘दुसरेच होते’ मात्र मी वाचलंच नाही असं समज.

लग्नानंतर रोज एक तास, तोही पडद्यावर, हे माझ्या मनाला पटत नाही. पण हल्ली असंच असतं म्हणे. शेजारच्या शकूची भाची दुबईत आणि जावई नाशकात. दोघं पडद्यावरच भांडतात.

लाल की हिरवं हा प्रश्न मी मिटवला. दोन्ही! लाल कार्ड आपल्याकडच्या विधीचं, हिरवं चर्चमधल्या विधीचं. मजकूर मी स्वतः जुळवला आणि शकूनं तिच्या कचेरीतून नमुने छापून आणले. अगदी मोजून सोळा नावं. तुझ्या आईच्या गुणाजीमामांना जागा उरली नाही, ते ‘व समस्त परिवार’मध्ये गेले. रुसतील, पण ते एरवीही रुसलेलेच असतात. डब्याची काळजी सोड, पेढ्यांचा मोठा डबा मी बघून ठेवला आहे.

पितृपक्षात हा विषय काढू नये हे मला कळतं. पण विमान काही पितृपक्ष बघून उडत नाही. शनिवारी वीस तारखेला मी आणि शकू नारळ-पेढे घेऊन अंधेरीला ल्युसीबाईंकडे जातो. शरच्चंद्रलाही आजच वेगळं पत्र टाकलं आहे. घाबरू नकोस. मी पाठीशी आहे.

माणिकआत्या


(पोस्टकार्ड)
मुलुंड, १८ सप्टेंबर

आत्या,

घाइत लिहितो. कसलं लग्न? कुठली पत्रीका? ते कॉम्प्युटरचं कार्ड आहे गं, गेमिंगचं! तीनदा फोन केला, तू “सिलिंडर उद्या आणा” म्हणून ठेवलास. बाबांना तुझं पत्र मिळालं. ते सकाळपासून गॅलरीत बसून आहेत. शनिवारी मला नवरात्राच्या फलकांमुळे सुट्टी नाही. तू अंधेरीला जाउ नकोस. ॲनेटला काही सांगु नकोस, तीला यातलं काहीच माहीत नाही. म्हणजे माहीत असण्यासारखं काही नाहीच. तिला फोन करून काय सांगायचं ते चार वेळा लिहून काढलं आणि केला नाही. रविवारी मी येतो, तोवर थांब.

तूझा देवव्रत


विलेपार्ले (पूर्व),
२२ सप्टेंबर २०२५

चि. देवव्रत,

तुझं पोस्टकार्ड आज, सोमवारी आलं. काल रविवारी तू येऊन दोन तास माझ्यासमोर बसलास, तीन कप चहा घेतलास, माझ्या कानाशी “सॉरी आत्या, सॉरी आत्या” एवढंच ओरडलास आणि “तिकडे काय झालं?” हे एकदाही न विचारता गेलास. म्हणून लिहून कळवते.

आधी पोस्टकार्ड. सहा चुका: घाइत, पत्रीका, जाउ, सांगु, तीला, तूझा. एका पानावर तुझ्या सहा चुका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. त्यावरूनच ओळखलं की तू खरं लिहितो आहेस. एक वाक्य सोडून. ‘माहीत असण्यासारखं काही नाहीच’ यात एकही चूक नाही. ते वाक्य तू विचार करून लिहिलेलं आहेस.

आता शनिवारचं. जास्वंद सापडली. शकूनं दार वाजवलं. ल्युसीबाई मासळी साफ करत होत्या, तशाच हातानं आल्या.

मी म्हटलं, “मी देवव्रतची आत्या. लग्नाचं बोलायला आले.”

“कोनाचे लगीन?”

“तुमच्या ॲनेटचं.”

“अगो बाय! ॲनेट, भायेर ये! तुझे लगीन हाय, नि आयेला आता कलते!”

ती आली. हातात स्क्रूड्रायव्हर, केसांना पेन्सिल खोचलेली. संगणक खोलून गोधडीत गुंडाळत होती. मी दोन्ही कार्डं तिच्या हातात दिली. आधी लाल वाचलं, मग हिरवं, अगदी ‘व समस्त परिवार’पर्यंत. हल्ली कुणी इतकं वाचत नाही. मग जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून खाली बसली.

“आत्या, लाल-हिरवं म्हणजे हे नाही हो.” तिनं गोधडी सोडून ती वस्तू दाखवली. पाटीएवढी लांब, चार बोटं जाड, तीन पंखे. शकू म्हणाली, “हे कार्ड? बाई गं, ही तर वीट आहे!”

देवव्रत, मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं प्रूफं वाचली की असं होतं. माझं लक्ष ऱ्हस्व-दीर्घावर, अर्थ तो गिऱ्हाइकाचा. पण अगदी वेडी ठरू नये म्हणून मी पिशवीतून तुझं दुसरं पत्र काढलं. म्हटलं, “तूच वाच. यात असंच लिहिलं आहे की नाही?”

ती हसत हसतच वाचत होती. औषध देतो, तिथे आणखी हसली. शेवटच्या वाक्याला हसायची थांबली. ते तिनं परत वाचलं. प्रूफवाल्या बाईला डोळे कुठल्या ओळीवर आहेत ते कळतं. मग नीट घडी घालून पत्र मला दिलं आणि म्हणाली, “त्याला सांगा, डब्यात पुढच्या बाजूला जुन्या तबकड्या ठेवायचा रिकामा पिंजरा आहे. चार स्क्रू. तो काढला की लाल आरामात बसतं. सहा मिलिमीटरसाठी महिना घालवलाय येड्यानं.”

निघताना तिनं विचारलं, “ही दोन्ही कार्डं माझ्याकडे राहू देत?”

मी म्हटलं, “अगं, ती प्रूफं आहेत. रद्दी.”

“राहू देत,” म्हणाली.

ल्युसीबाई पेढे परत करत होत्या. मग एक खाऊन पाहिला आणि डबा ठेवून घेतला. मला त्यांच्या घरच्या मसाल्याची बाटली दिली. शकू त्यातला अर्धा मागते आहे.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा तपासलं. ‘कार्ड’ तीन वेळा आलं आहे, ‘ॲनेट’ दहा वेळा. अर्थ मी चुकवला हे कबूल. पण एकटीनं नाही.

माणिकआत्या


मुलुंड (पूर्व),
५ ऑक्टोबर २०२५

आत्या, वाकून नमस्कार.

लाल घेतलं.

आधी बाबांचं. तुझ्या पत्रानंतर ते चार दिवस गॅलरीतच बसून होते. पाचव्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, “मुलगी बरी आहे का स्वभावानं?” मी घाबरून सगळं खरं सांगितलं, की लग्न नाही, खेळायचं कार्ड आहे. तेव्हा खरे भडकले. “पुन्हा खेळ? अरे, मी मनाची तयारी केली होती! लग्न परवडलं असतं!” पण पिंजऱ्याचा तिसरा स्क्रू गंजलेला निघाला आणि माझ्याच्यानं सुटेना, तेव्हा तो त्यांनीच काढला. काढताना मला, तुला आणि लाल कंपनीला शिव्या दिल्या. कार्ड बसलं. उरलेली जागा मी मोजली नाही.

तीस तारखेला विमानतळावर गेलो होतो. बोलायचं ते लिहून नेलं होतं, दीड पान, तपासून. ते खिशातच राहिलं. ॲनेट म्हणाली, “काय रे, औषध आणलंस?” मी म्हटलं, “कुणाला काय होतंय?” असं कसं बोललो देव जाणे. मग तिनं एक लिफाफा दिला आणि म्हणाली, “ऑनलाइन भेटल्यावर उघडायचा. आधी नाही.”

काल दुपारी दोनला पहिल्यांदा खेळलो. एकदाही अडखळलं नाही. बाबा मागे उभे होते, “हे पाणी खरं वाटतं रे” म्हणाले. ॲनेट नेहमीसारखी पुढे घुसली. मी मागे. आणि मग आत्या, ती थांबली आणि तिनं मागे वळून बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. शत्रू समोर असताना असं कुणी करत नाही. अर्थात आम्ही दोघंही लगेच मेलो.

नंतर लिफाफा उघडला. आत तुझं लाल कार्ड आहे. तिनं पेन्सिलनं प्रूफ तपासलं आहे. ‘आशिर्वाद’मधली शि काढून शी केली आहे. मुहूर्ताच्या तारखेवर प्रश्नचिन्ह. सोळा नावांखाली बाण काढून ‘जागा आहे, बसवा’ असं लिहून गुणाजीमामांचं नाव घातलं आहे. आणि अगदी तळाशी: ‘दुरुस्त करून पुन्हा दाखवा.’

हे ‘हो’ आहे की ‘नाही’? की नुसती थट्टा? मी रात्री वहीत दोन रकाने केले. नऊ आणि नऊ. तू तीस वर्षं अशी प्रूफं पाहिलीस, म्हणून तुला विचारतो.

तुझा,
देवव्रत


विलेपार्ले (पूर्व),
९ ऑक्टोबर २०२५

चि. देवव्रत,

‘आशिर्वाद’ खरंच माझा. घाईत झाला. तीस वर्षांत माझी चूक काढणारं हे पहिलं माणूस. दुकान चालू असतं तर तिला गल्ल्यावर बसवली असती.

रकान्यांचं पान फाड. ज्या गिऱ्हाइकाला काम द्यायचं नसतं, ते प्रूफ तपासत नाही. नुसतं “छान आहे, कळवतो” म्हणतं आणि पुन्हा फिरकत नाही. आणि ‘पुन्हा दाखवा’ असं लिहून देणारं गिऱ्हाईक दुसऱ्या छापखान्यात गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

तारीख कोरी ठेव. बाकीचं दुरुस्त कर.

आणि दाखव रे बाबा, आता मोजत बसू नकोस.

माणिकआत्या